पुसलेली थोरली

अगं ए, थांब जरा. काय सांगितलंस आत्ता त्या एजंटला? "तिचं सगळं काढून टाक"? कुणाचं, त्या तुझ्या मैत्रिणीचं? अगं, भांडण झालं असेल तर अबोला धर, चार शिव्या घाल, लग्नाला बोलावू नकोस. पण पुसायचं काम आत्ता रात्री नको. रद्द म्हण त्याला आधी. म्हण... हां. आता बस इथे.

आणि तू हसू नकोस रे भाच्या. मामाचं कुलपांचं दुकान तुमच्या या बोलणाऱ्या दारांपायी बसलं, म्हणून मामा खार खातो, असंच ना तुझ्या मनात? खातोच खार. जन्मभर कुलपं दुरुस्त केली मी, आणि आता दार मालकाच्या आवाजाला उघडतं म्हणे. पण आज जे सांगतोय ते त्या रागापायी नाही. तो दिवा लहान कर. मोबाईल पालथे ठेवा दोघांनी. मध्येच कुणाचा टिंग झाला तर मी उठून झोपायला जाईन, मग बसा एकमेकांची तोंडं बघत.

माझा साडू, तारवाला. पूर्वी घरोघर केबल टाकायचा म्हणून तारवाला, आता तारा गेल्या आणि नाव तेवढं राहिलं. हल्ली तो हे घरातले बोलणारे एजंट बसवून देतो, बिघडले की बघतो. आमच्या वेळी एजंट म्हणजे विम्याचा, तोही एकदा घरात शिरला की निघायचा नाही, पण ते असो. ही गोष्ट त्याची आहे, त्याच्या हातून झालेली. एरवी तो पक्का थापाड्या, दहा वाक्यांत नऊ विनोद. पण हे सांगताना त्यानं एकही विनोद केला नाही, समोरचा चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाही. म्हणून मी विश्वास ठेवला.

नोव्हेंबर लागला होता. दुपारचं साधं काम होतं. पाण्याच्या टाकीपलीकडे ते बसकं पिवळं घर आहे ना, दाराला दोन पायऱ्या असलेलं? तिथून फोन आला. त्या घरात दोघी बहिणी राहायच्या, थोरली आणि धाकटी. दोघींनी लग्नं केली नाहीत. का केली नाहीत, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही, कारण थोरलीचं तोंड. बुटकी, जाडजूड, आणि आवाज असा की ती पुलावर बोलली तर टाकीशी ऐकू यावं. बेकरीत रात्रपाळीला जायची. धाकटी उंच, काटकुळी, घरी बसून शिवणकाम करायची. आणि तिची झोप म्हणजे काय सांगू, कौलावरून मांजर चाललं तरी ही उठून बसायची.

आता थोरली मध्यरात्र उलटून गेल्यावर घरी येणार, दोन्ही हातांत पिशव्या, बोटं पिठानं भरलेली. किल्ली काढा, कुलूप शोधा, खडखड करा, की धाकटीची झोप गेलीच. म्हणून थोरलीनं एजंट बसवून घेतला. दिवसभर बोलतो म्हणून त्याचं नाव ठेवलं पोपट. आणि पहिल्याच दिवशी त्याला दम भरला, "मी आले की दार उघडायचं, पण तोंड उघडायचं नाही. धाकटी झोपलेली असते."

झालं. थोरली पायरीवर आली की पोपट तिला ओळखायचा, कडी सरकवायचा, आणि थोरली कोपरानं दार ढकलून आत. दारावर रोज कोपराएवढा पिठाचा पांढरा ठसा. धाकटी रोज सकाळी ओल्या फडक्यानं तो पुसायची आणि रोज करवादायची, "हात झटकून यायला काय होतं गं तुला?" थोरली अंथरुणातूनच ओरडायची, "तुला तेवढाच व्यायाम!" शेजाऱ्यांना घड्याळ लागायचं नाही, यांचं भांडण ऐकून उठायचे सगळे.

मार्चमध्ये थोरली गेली. कामावरून घरी येतानाच. पुलाजवळ बाक आहे, तिथे दम खायला बसली ती उठलीच नाही. घर तिथून हाकेवर. पोचली नाही बिचारी.

तर तारवाला गेला, पाणी प्यायला, विचारलं, काय बिघडलंय? धाकटी म्हणाली, "बिघडलं काही नाही. तो ताईबद्दल बोलतो. रोज संध्याकाळी म्हणतो, ताईंना आज उशीर होईल, त्यांचं जेवण झाकून ठेवा. मध्येच म्हणतो, ताईंच्या गुडघ्याचं मलम संपत आलंय, मागवू का? मला नाही हो सहन होत."

"मग ताई गेल्या हे सांगितलं नाहीत का त्याला?"

धाकटी हातातल्या दोऱ्याचं रीळ फिरवत बसली. मग म्हणाली, "ते शब्द माझ्या तोंडातून निघत नाहीत."

ऐका हं नीट. सगळ्या गावाला माहीत, पोपटाला माहीत नाही. लोक भेटायला आले त्या दिवसांत हिनं पोपटाचा प्लग काढून ठेवला होता. का, तर त्याच्यासमोर कुणी तसं बोलू नये. आणि लोक गेल्यावर परत लावला. म्हणजे पोपटाच्या हिशेबी थोरली अजून कामावर जात होती आणि घरी येत होती.

तारवाल्यानं तिला समजावलं. त्यानं मलाही समजावलंय, तेच तुम्हाला सांगतो, चुकलं तर तुम्ही शिकलेले आहात, सुधारून घ्या. या एजंटच्या पोटात जाळं असतं. नॉलेज ग्राफ का काय म्हणतात. त्यात प्रत्येक माणूस म्हणजे एक गाठ. गाठीला त्या माणसाच्या सवयी चिकटवलेल्या, आणि एका गाठीपासून दुसरीकडे दोरे. ही हिची बहीण. ही या घरात राहते. नुसती एखादी सवय पुसता येते, नुसता एखादा दोरा तोडता येतो, नाहीतर अख्खी गाठच काढता येते. गाठ काढली की तिला बांधलेले सगळे दोरे आपोआप जातात. मग त्या जाळ्यात ते माणूस नव्हतंच कधी.

तारवाला म्हणाला, "गाठ कशाला काढता? मी एक ओळ घालतो, की त्या वारल्या. मग तो उशीर होईल वगैरे म्हणणार नाही."

"नको!" धाकटी एकदम उभीच राहिली. "उद्या तो त्याच्या त्या गोड आवाजात मला ते ऐकवेल. मला नाही ऐकायचं. तिला काढूनच टाका त्यातून."

बरं म्हणाला. पण त्याचा एक नियम आहे. काही पुसण्याआधी तो कॉपी करून स्वतःजवळ ठेवतो. लोकांचं काय, आज रागावतात, उद्या रडत फोन करतात. पण धाकटी म्हणाली, "कॉपी ठेवलीत तर मी रोज फोन करीन तुम्हाला, परत घाला म्हणून. मला माझी खात्री नाही. ठेवू नका." त्याच्या डोक्यावर उभी राहिली. आणि त्यानं ऐकलं. इतक्या वर्षांत एकदाच नियम मोडला, तो इथे.

पोपटानं विचारलं, "ही एंट्री काढली तर तिला जोडलेलं सगळं जाईल. परत आणता येणार नाही. काढू?" हे मालकिणीच्या तोंडूनच यावं लागतं. धाकटी "हो" म्हणाली. एवढंच. ते मात्र निघालं तोंडातून.

मग तिनं हळूच विचारलं, "पोपट, ताई कुठाय?"

"कोण ताई?"

धाकटी आधी हसली म्हणे. आणि मग ओंजळीत तोंड धरून इतकी रडली की तारवाल्याला कुठे बघावं कळेना. पैसे न घेताच निघून आला.

ती तारीख अकरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्र उलटून बुधवार लागला होता, तीनला वीस मिनिटं कमी होती. धाकटी अंथरुणात. आणि पोपट बोलला.

"दारात कोणीतरी आहे. ओळख नाही."

धाकटी उठून बसली. एवढ्या रात्री कोण येणार? तिनं भिंतीवरच्या पडद्यावर बघितलं. दाराबाहेरच्या कॅमेऱ्यात दोन पायऱ्या, दिव्याचा उजेड, रस्ता. बाकी कुणी नाही. तिला वाटलं, कुत्रं असेल. म्हणाली, "जाऊ दे." पोपट गप्प झाला.

दुसऱ्या रात्री तीच वेळ. "दारात कोणीतरी आहे. ओळख नाही." पुन्हा पायऱ्या रिकाम्या. तिसऱ्या रात्री पोपट म्हणाला, "कालचीच व्यक्ती आहे. ओळख नाही. थांबल्या आहेत."

थांबल्या आहेत... बाई आहे, हे त्याला कुणी सांगितलं?

सकाळी धाकटीनं तारवाल्याला फोन केला, रात्रीच या म्हणाली. माझी मेहुणी त्याच्यावर खेकसली, रात्री तीन वाजता कुठलं दुरुस्तीचं काम निघतं तुझं म्हणून. तरी गेला. जेवून खाऊन गेला, अवजारांची पेटी घेऊन. त्याला वाटलं, आपण गाठ काढताना दाराच्या कॅमेऱ्यात काहीतरी बिघडवून ठेवलं. म्हणून तो सुरुवातीपासून दाराच्या नोंदी बघत बसला. दार केव्हा उघडलं, केव्हा लागलं, सगळं तिथे राहतं.

आणि बघता बघता त्याचा हात थांबला.

मार्चनंतरही दार उघडत होतं. थोरली गेल्यानंतरही. रोज रात्री. त्याच वेळी कडी सरकली, दार उघडलं, दार लागलं. एक रात्र चुकली नव्हती. प्लग काढला होता तेवढे दिवस सोडले तर एकही नाही. गाठ काढली त्या दिवसापर्यंत. आणि उघडताना पोपट एक शब्द बोलला नव्हता. कारण त्याला तसंच सांगितलेलं होतं ना... मी आले की तोंड उघडायचं नाही.

तारवाल्यानं हे धाकटीला सांगितलं. सांगावं की नाही याचा बराच विचार केला म्हणतो. धाकटी म्हणाली, "मला लाज वाटायची. ताई गेली आणि मला मेलीला इतकी शांत झोप लागायला लागली. जन्मात कधी लागली नाही तशी. मांजराचा आवाज नाही, काही नाही. मला वाटायचं, मी दगड आहे. दारही रोज सवयीनं पुसत होते, फडक्याला पांढरं लागायचं ते शिवणाच्या खडूचं समजून. ती घरी येत होती म्हणून लागत होती झोप. आणि मी तिला बाहेर काढलं. माझ्याच घरातून. माझ्याच तोंडानं हो म्हणून."

तारवाल्यानं पेटी बंद केली. परत घालायला कॉपी नव्हती. नवी गाठ बांधायची तर पोपटाला माणूस समोर लागतं, चेहरा लागतो, आवाज लागतो. फोटो दाखवून बघितले. पोपट म्हणाला, "फोटोतल्या बाईंची ओळख ठेवली." पण दारातल्या बाई आणि फोटोतल्या बाई एकच, हे त्याला कसं पटवणार? दारात तर कुणी दिसतच नव्हतं.

दोघं बसून राहिले. दिवा चालू. शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेला सदरा. बाहेर चिटपाखरू नाही.

मग...

"दारात कोणीतरी आहे. ओळख नाही."

तारवाला जागचा हलला नाही. पडद्यावर पायऱ्या रिकाम्या. धाकटी मात्र उठली. केस नीट केले तिनं. घरी माणूस आलं की करतो ना आपण, तसे. म्हणाली, "ताई आहे ती. उघड."

"या नावाचं माझ्याकडे कोणी नाही."

"उघड म्हणते ना!"

कडी सरकली. दार उघडलं. गार वारा आत आला, सदऱ्याची बाही हलली. पायरीवर कुणी नाही. धाकटी दारात उभी. पाऊलभर बाजूला झाली, आत यायला वाट दिली.

कुणी आलं नाही.

"पोपट, विचार तिला. आत का येत नाही?"

पोपटानं बाहेरच्या स्पीकरवरून विचारलं, "आपण कोण?"

शांत... तारवाला म्हणतो, मी कान देऊन ऐकत होतो. वाऱ्याशिवाय काही नव्हतं. नंतर रेकॉर्डिंगही ऐकलं. त्यातही नुसता वारा.

पण पोपट म्हणाला, "त्या म्हणतात, माहीत नाही."

धाकटीनं चौकट धरली.

"त्या विचारतात, हे घर कुणाचं?"

"तुझं गं! ताई, तुझंच आहे. मी... मी धाकटी."

शांत.

"त्या म्हणतात, ताई कोण?"

...

...

"गेल्या."

बास. एवढंच झालं. कुणी किंचाळलं नाही, दिवे गेले नाहीत. दार उघडं, रस्ता रिकामा. धाकटी रस्त्यावर धावली, पुलापर्यंत गेली, त्या बाकापर्यंत, ताई ताई ओरडत. तारवाला मागून. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. तिला आणून बसवलं तेव्हा उजाडत आलं होतं. आणि उजाडल्यावर ती पहिलं काय बोलली असेल, तर पोपटासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझी ताई वारली." निघाले शब्द. स्पष्ट.

पोपट म्हणाला, "ऐकून वाईट वाटलं. त्यांचं नाव काय होतं? नोंद करून ठेवतो."

पाणी पी, पाणी पी. मला असं वाटतं, आणि हे माझं आहे, तारवाल्याचं नाही, की थोरलीलाही कुणी सांगितलं नव्हतं. बाकावर दम खाल्ला, उठली, घरी आली. दार उघडलं. मग काय, सगळं नेहमीचंच. एक दार तिला ओळखत होतं तोवर तिला काही कमी नव्हतं. तेवढं एक दार होतं रे.

धाकटी अजून त्याच घरात राहते. पोपट काढून टाकला. रात्री दाराला खुर्ची लावून दार सताड उघडं ठेवते, दिवा चालू, आणि मशीनवर बसते. मी जाऊन आलोय. झोप पार गेली तिची. मी म्हटलं, साधं कडीकोयंड्याचं दार बसवून देतो, फुकट. म्हणाली, बंद करायचंच नाहीये तर कडी कशाला?

आणि थोरली? ती त्या घराकडे फिरकली नाही. पण त्या आठवड्यात टाकीच्या गल्लीत तीन घरांच्या दारांवर पांढरं लागलं होतं. लोकांनी पोरांना दटावलं, खडूनं काय रेघोट्या मारता म्हणून. खडू नव्हता. पीठ होतं. महिन्यानं पोस्टामागच्या गल्लीत. मग दवाखान्याच्या रस्त्याला. फार वर नाही, बुटक्या बाईचं कोपर लागेल एवढ्याच उंचीवर. एकेक दार ढकलून बघतेय ती. आपलं कुठलं, म्हणून.

लोक काय, सकाळी फडकं मारतात, विसरतात.

म्हणून आज विषय काढला. दवाखाना म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. रात्री आपला हा एजंट म्हणाला की दारात कोणीतरी आहे, ओळख नाही, तर घाबरायचं नाही आणि हाकलायचं तर मुळीच नाही. दार उघडून नीट सांगायचं, "ताई, तुमचं घर टाकीपलीकडचं पिवळं. दार उघडं आहे. धाकटी जागी आहे." पाठ करून ठेवा दोघांनी. न जाणो, ऐकेल. एवढं कुणी सांगितलं तर पोचेल तरी.

काय गं? तोंड का उतरलं तुझं?

...काल रात्री? किती वाजता?

मग मला उठवायचं नाही का! बरं... बरं, रडू नकोस. तू काय सांगितलंस त्याला? नीट आठव.

..."इथलं नाही म्हण. पुढे बघा म्हण."

...

रागावत नाही मी. तुला काय माहीत. चल, तो दिवा दे इकडे. तूही ये रे. चपला राहू देत. दार उघड. बाहेरून बघायचंय, बाहेरून... धर दिवा. खाली. अजून खाली. मुठीच्याही खाली...

...

अजून ओलसर लागतंय बोटाला. मळलेलं पीठ आहे हे.

कुठे निघालीस? फडकं आणायला?

नको. ते पुसू नकोस.